हरलेला राष्ट्राध्यक्ष पुन्हा निवडणुकीला उभा राहतो तेव्हा : जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स

शिळोप्या (धागाकर्ता)

अमेरिकेच्या सुरुवातीच्या पुढाऱ्यांवर मराठीत जे काही लिहिलं जातं ते वॉशिंग्टन, जेफरसन आणि हल्ली हॅमिल्टन यांच्याभोवतीच फिरतं. जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स म्हटलं की "ते बापलेक दोघेही राष्ट्राध्यक्ष झाले, त्यातला मुलगा ना?" एवढ्यावर विषय मिटतो. सहावा राष्ट्राध्यक्ष, एकच कार्यकाळ, दुसऱ्या खेपेला सपाटून पराभव.

माझ्या मते राष्ट्राध्यक्षपदाची ती चार वर्षं हाच त्याच्या आयुष्यातला सगळ्यात पडेल भाग आहे. त्याआधीचं काम मोठं आणि त्यानंतरची सतरा वर्षं त्याहून मोठी. म्हणून मधलं भराभर उरकतो आणि शेवटाकडे ऐसपैस बसतो.

जन्म ११ जुलै १७६७, मॅसॅच्युसेट्समधलं ब्रेनट्री गाव. सात वर्षांचा असताना आईबरोबर घराजवळच्या टेकडीवर चढून त्याने स्वातंत्र्ययुद्धातली बंकर हिलची लढाई लांबून पाहिली. तोफांचे आवाज, जळणाऱ्या चार्ल्सटाउनचा धूर. त्या लढाईत डॉ. जोसेफ वॉरन पडले. ते या घराचे डॉक्टर. पोराचं मोडलेलं बोट कापायची वेळ आली होती, ते त्यांनी वाचवलं होतं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी लिहिलेल्या एका पत्रातही त्याने या दिवसाची आठवण काढली आहे.

दहाव्या वर्षी वडिलांबरोबर युद्धनौकेतून फ्रान्स. चौदाव्या वर्षी फ्रान्सिस डेना या अमेरिकन दूताचा चिटणीस आणि दुभाषा म्हणून थेट सेंट पीटर्सबर्ग, कारण रशियन दरबाराचा कारभार फ्रेंचमध्ये आणि डेनासाहेबांचं फ्रेंच कच्चं. आपल्याकडे या वयात पोरं आठवी-नववीत असतात. बाराव्या वर्षी डायरी धरली ती मरेपर्यंत. ५१ खंड, चौदा हजारांवर पानं. त्या काळच्या अमेरिकेचा इतिहास लिहिणाऱ्या कुणालाही या डायरीला वळसा घालता येत नाही.

१७९४ मध्ये वॉशिंग्टनने त्याला हॉलंडला पाठवलं. मग प्रशिया, सिनेटची पाच वर्षं, रशिया, १८१२ चं ब्रिटनबरोबरचं युद्ध मिटवणारा १८१४ चा गेंटचा तह, लंडन. आणि १८१७ ते १८२५ राष्ट्राध्यक्ष मन्रोचा परराष्ट्रमंत्री. या पदावर त्याची बरोबरी करणारा दुसरा कुणी झाला नाही, असं मानणारे पुष्कळ इतिहासकार आहेत आणि मला ते पटतं. १८१९ चा स्पेनबरोबरचा करार बघा. फ्लोरिडा तर मिळवलीच, पण सीमारेषा पार पॅसिफिकपर्यंत ओढून घेतली. सबीन, रेड, आर्कान्सा या नद्यांपाशी रेषा पात्राच्या मधून न जाता पलीकडच्या काठाने जाईल, म्हणजे अख्खी नदी अमेरिकेची, हा हट्ट त्याचा. तो त्याने पुरा करून घेतला. युरोपने अमेरिका खंडांत लुडबुड करू नये, हा जो सिद्धांत मन्रोच्या नावाने ओळखला जातो (२ डिसेंबर १८२३) त्याचाही कणा याचाच. ब्रिटनने संयुक्त जाहीरनाम्याचा प्रस्ताव दिला होता. मंत्रिमंडळात हा म्हणाला, इंग्रजांच्या युद्धनौकेमागे होडकं बनून जायचं नाही, बोलायचं ते स्वतःच्या तोंडाने.

आता ती चार वर्षं. १८२४ च्या निवडणुकीत अँड्र्यू जॅक्सनला ९९ निर्वाचक मतं, अ‍ॅडम्सला ८४, क्रॉफर्डला ४१, हेन्री क्लेला ३७. बहुमत कुणालाच नाही, म्हणून निवड प्रतिनिधीगृहाकडे, म्हणजे काँग्रेस या तिथल्या संसदेच्या खालच्या सभागृहाकडे गेली. तिथे प्रत्येक राज्याला एक मत. क्लेने वजन अ‍ॅडम्सच्या पारड्यात टाकलं, २४ पैकी १३ राज्यं मिळाली, आणि लगोलग अ‍ॅडम्सने क्लेला परराष्ट्रमंत्री केलं. जॅक्सनवाल्यांनी "सौदा! सौदा!" म्हणून जो धुरळा उडवला तो पुढची चार वर्षं बसलाच नाही. राष्ट्रीय विद्यापीठ, वेधशाळा, रस्ते, कालवे अशा योजना अ‍ॅडम्सने मांडल्या. काँग्रेसने वेधशाळेची टिंगल केली. विरोधकांना सरकारी नोकऱ्यांतून काढायचं नाही, हेही याचं तत्त्व, त्यामुळे स्वतःच्याच खात्यांत सुरुंग लावणारे सुखाने पगार घेत होते. १८२८ ला जॅक्सन १७८, अ‍ॅडम्स ८३. नव्या राष्ट्राध्यक्षाच्या शपथविधीला हा गेला नाही. वडीलही १८०१ मध्ये जेफरसनच्या शपथविधीला गेले नव्हते.

१८२९ च्या एप्रिलमध्ये थोरला मुलगा जॉर्ज आगबोटीवरून पाण्यात पडून गेला. वय २८. बहुधा त्याने स्वतःच उडी घेतली. घर खचलं. म्हातारा गावी, क्विन्सीला परतला. पुस्तकं, झाडं, डायरी.

१८३० मध्ये प्लिमथ मतदारसंघातून विचारणा झाली, प्रतिनिधीगृहात जाल का? माजी राष्ट्राध्यक्षाने एवढी पायरी उतरायची म्हणजे घरच्यांनाही पटेना. त्याचं उत्तर असं होतं की लोकांनी निवडून दिलं तर गावच्या पंचांत बसण्यातही माजी राष्ट्राध्यक्षाला कमीपणा नाही. अट एकच, मत मागत फिरणार नाही. निवडून आला आणि डायरीत लिहिलं की राष्ट्राध्यक्ष झालो तेव्हा याच्या निम्माही आनंद झाला नव्हता.

आणि इथून खरी गंमत.

उत्तरेतले लोक, त्यातही हजारो बायका, काँग्रेसकडे अर्ज पाठवत होते: राजधानीच्या कोलंबिया जिल्ह्यातली गुलामगिरी बंद करा. राज्यांतल्या गुलामगिरीला काँग्रेस हात लावू शकत नाही हे सगळ्यांनाच मान्य होतं. पण राजधानीचा जिल्हा थेट काँग्रेसच्या ताब्यात, म्हणून अर्जाची गोळी बरोबर तिथे. २६ मे १८३६ रोजी सभागृहाने ठराव केला की गुलामगिरीशी कसल्याही प्रकारे संबंध असलेला कुठलाही अर्ज न छापता, समितीकडे न पाठवता दप्तरी दाखल करायचा, त्यावर पुढे काहीही करायचं नाही. मतदानाला नाव पुकारलं तेव्हा अ‍ॅडम्स हो किंवा नाही म्हणायच्या जागी ओरडला, की हा ठराव राज्यघटनेचा, सभागृहाच्या नियमांचा आणि माझ्या मतदारांच्या हक्कांचा सरळ सरळ भंग आहे. पुढचा शब्द गोंगाटात बुडाला. १८४० मध्ये याहून कडक कायमचा नियम झाला, नियम २१: असले अर्ज स्वीकारायचेच नाहीत.

मग याने जे सुरू केलं त्याला मी तरी कलाच म्हणेन. ६ फेब्रुवारी १८३७. हातात कागद घेऊन सभापती जेम्स पोकना (हेच पुढे राष्ट्राध्यक्ष झाले) विचारतो : माझ्याकडे बावीस गुलामांच्या सहीचा म्हणून एक अर्ज आलाय, तो ठरावात बसतो का, एवढंच सांगा. सादर करत नाही हं, नुसतं विचारतोय. दक्षिणेचे सदस्य खवळले. कागद जाळा, याची निर्भर्त्सना करा, याला फौजदारी कोर्टात उभं करा. यथेच्छ आरडाओरडा होऊ दिल्यावर याने हळूच सांगितलं, की अर्ज गुलामगिरी बंद करा असा नाहीच, उलट्या बाजूचा आहे. न वाचलेल्या कागदावर लोकांनी भाषणं ठोकली होती. आणि ज्या विषयाचं नाव काढायचं नाही असा ठराव होता, त्यावर सभागृह कित्येक दिवस दुसरं काही बोललं नाही.

१८४२ चा जानेवारी. मॅसॅच्युसेट्सच्या हेव्हरहिल गावच्या काही नागरिकांचा अर्ज : संघराज्य शांततेने मोडून टाका. अ‍ॅडम्सने तो मांडला आणि सोबत सुचवलं की समितीने हा अर्ज का नामंजूर करावा याची कारणं द्यावीत. तरी देशद्रोहाच्या भाषेत निर्भर्त्सनेचा ठराव आला. चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, हात थरथरायचे, डोळ्यांतून पाणी गळायचं. उठला आणि चिटणिसाला म्हणाला, स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचा, पहिला परिच्छेद. सरकार बदलायचा, मोडायचा लोकांचा हक्क जिथे लिहिलाय तिथपर्यंत वाचायला लावलं. बचावाच्या निमित्ताने दोन आठवडे गुलामगिरीवर बोलला. शेवटी विरोधकच थकले, ठराव १०६ विरुद्ध ९३ मतांनी बाजूला ठेवला गेला. आणि पठ्ठ्याने तिथल्या तिथे उरलेल्या अर्जांचा गठ्ठा सोडला.

३ डिसेंबर १८४४ ला नियम २१ रद्द झाला, १०८ विरुद्ध ८०. डायरीत देवाचे आभार.

२१ फेब्रुवारी १८४८ ला मेक्सिको युद्धातल्या सेनापतींचे आभार मानण्याच्या ठरावावर मतदान चाललं होतं. हा त्या युद्धाच्या विरोधात. मोठ्याने "नाही" म्हणाला, थोड्या वेळाने उठू लागला आणि बाकावरच कोसळला. दोन दिवस सभापतींच्या दालनात पडून होता, तिथेच २३ तारखेला गेला. त्या सभागृहात इलिनॉयचा एक नवखा सदस्य होता, अब्राहम लिंकन.

अमिस्टाडच्या खटल्याबद्दल मुद्दाम लिहिलेलं नाही. इथे वकील मंडळी आहेत, त्यांनी हात घालावा.

गावकुसाबाहेर

मस्त लेख. "सादर करत नाही, नुसतं विचारतोय" वाचून हसू आवरेना.

एक शंका. अर्ज आले तर आले, नुसते पडू द्यायचे. त्यासाठी नियम करायची काय गरज होती? नियम केला म्हणूनच तर बोभाटा झाला ना?

शिळोप्या

अगदी. दक्षिणेतल्याही काही शहाण्यांना हे कळत होतं. पण अर्जांचा पूर येत होता. १८३७-३८ च्या एका अधिवेशनात लाखाच्या वर अर्ज आले. प्रत्येक सादर करायचा, त्यावर दोन शब्द बोलायचे, ते वर्तमानपत्रांत छापून यायचे. काहींना तर हा विषय सभागृहात उच्चारला जाणंच अपमान वाटत होता. ठराव झाल्यावर उत्तरेतल्या ज्या माणसाला गुलामांशी काही देणंघेणं नव्हतं, त्यालाही वाटू लागलं की अरे, हे तर माझ्याच तोंडाला कुलूप लावतायत. अ‍ॅडम्सने भांडण नेमकं तिथे नेऊन ठेवलं. गुलामगिरी बरी की वाईट यावर नाही, अर्ज करायच्या हक्कावर.

तात्या आडवे

लेख छान पण आरती जरा जास्त झाली.

एक, १८२५ चा सौदा झाला नाही असं तुम्ही म्हणत नाही, पण गालिचाखाली सारलात. क्ले रात्री याच्या घरी येऊन तासन्‌तास बसला, ही गोष्ट याच्याच डायरीत आहे ना?

दोन, पहिल्याच वार्षिक संदेशात हा गृहस्थ काँग्रेसला सांगतो की मतदारांच्या इच्छेने आपण लुळे पडलोय असं जगाला दाखवू नका. जेमतेम निवडून आलेल्या माणसाने असं बोलावं? लोक पाडणार नाहीत तर काय करतील?

तीन, सगळ्यात महत्त्वाचं. हा गुलामगिरीविरोध साठीनंतर कुठून उगवला? परराष्ट्रमंत्री असताना हाच माणूस १८१२ च्या युद्धात ब्रिटिशांबरोबर निघून गेलेल्या गुलामांची भरपाई मालकांना मिळावी म्हणून ब्रिटनशी भांडत होता. जॅक्सन स्पेनच्या ताब्यातल्या फ्लोरिडात घुसला तेव्हा मंत्रिमंडळात त्याची बाजू घेणारा एकटा हाच. सत्ता हवी होती तोवर गप्प, सत्ता गेल्यावर तत्त्व.

शिळोप्या

तात्या, पहिला मुद्दा : हो, ९ जानेवारी १८२५ ची नोंद आहे, क्ले संध्याकाळी येऊन बराच वेळ बसला. गंमत म्हणजे एरवी जेवणात काय होतं तेही लिहिणारा हा माणूस त्या भेटीत नेमकं काय ठरलं ते लिहीत नाही. पैशांचा व्यवहार झाला नाही, पण दोघांनाही अर्थ कळला असणार. क्लेला मंत्री करणं हा शुद्ध अडाणीपणा होता.

दुसऱ्या मुद्द्यावर वाद नाही. त्याने स्वतःबद्दलच डायरीत लिहून ठेवलंय की मी अबोल, थंड, रुक्ष आणि लोकांना दूर ठेवणारा माणूस आहे. राजकारण्याला हे परवडत नाही.

तिसऱ्यावर मात्र थोडं भांडतो. १८२० मध्ये मिसुरीचा वाद चालला होता, म्हणजे या नव्या राज्यात गुलामगिरी चालू द्यायची का याचा. मंत्रिमंडळाची बैठक संपवून हा आणि दक्षिण कॅरोलायनाचा कॅलहून बरोबर चालत घरी निघाले. कॅलहून म्हणाला, आमच्याकडे अंगमेहनतीचं काम म्हणजे गुलामांचं. गोऱ्याने ते केलं तर त्याची पत जाते. अ‍ॅडम्स घरी येऊन पानंच्या पानं लिहितो. गुलामगिरी हा संघराज्यावरचा मोठा आणि गलिच्छ डाग आहे, आणि हा प्रश्न एक दिवस संघराज्य फोडेल, असं भविष्यच वर्तवतो. म्हणजे मत होतं. तोंड बंद होतं. हा काही त्याचा बचाव नाही, उलट तुमच्याच आरोपाला पुरावा आहे. फक्त "उगवला" म्हणू नका.

काळा कोट

बोलावलंत म्हणून आलो.

१८३९ मध्ये क्युबाच्या किनाऱ्यालगत अमिस्टाड या जहाजावरच्या आफ्रिकन बंद्यांनी, बहुतेक सगळे मेंडे लोक, सिंके नावाच्या माणसाच्या पुढाकाराने उठाव केला. दोन स्पॅनिश मालकांना जिवंत ठेवून सांगितलं, सूर्य उगवतो तिकडे चला. मालक दिवसा पूर्वेला आणि रात्री चोरून उत्तरेला हाकत राहिले आणि जहाज लाँग आयलंडला लागलं. स्पेनची मागणी, १७९५ च्या करारातल्या कलमाप्रमाणे आमची मालमत्ता परत द्या. राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्युरेनच्या सरकारला निवडणूक जवळ दिसत होती. त्यांनी न्यू हेवनच्या बंदरात ग्रँपस नावाचं नौदलाचं जहाज तयार ठेवलं, म्हणजे निकाल बाजूने लागला की अपिलाला वेळ न देता माणसं क्युबाला रवाना.

कायद्याचा गाभा असा. स्पेनने स्वतःच गुलामांच्या आयातीवर बंदी घातली होती. कागदोपत्री या लोकांना स्पॅनिश नावं लावून ते क्युबात आधीपासून असलेले गुलाम दाखवले होते. कागद खोटे ठरले की ते मालमत्ता उरत नाहीत, पळवून आणलेले स्वतंत्र नागरिक ठरतात. मग स्वातंत्र्यासाठी उठाव करणं हा गुन्हा कसा? ही सगळी मांडणी मुळात रॉजर शर्मन बाल्डविन या वकिलाची, हे नीट लक्षात ठेवा. खालच्या कोर्टापासून त्याने ती रेटली.

अ‍ॅडम्सला लुइस टॅपन आणि एलिस ग्रे लोरिंग या गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्यांनी गळ घातली. वय ७३, सर्वोच्च न्यायालयात १८०९ नंतर उभा राहिलेला नाही, भीतीने झोप उडालेली. २४ फेब्रुवारी १८४१ ला साडेचार तास बोलला. त्यानंतर एक न्यायाधीश, बार्बर, झोपेतच गेले म्हणून काम तहकूब झालं. १ मार्चला पुन्हा तेवढाच वेळ. खांबावर लावलेल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याकडे बोट दाखवून म्हणाला, या लोकांच्या बाजूने मला दुसरा कायदा माहीत नाही. न्या. स्टोरी यांनी बायकोला पत्रात लिहिलं की भाषण विलक्षण, जोर विलक्षण, उपरोध जहरी, पण खटल्याच्या मुद्द्यांपासून फार लांब गेलेलं. ९ मार्चला त्यांनीच निकाल लिहिला आणि तो बाल्डविनच्या मुद्द्यांच्या अंगाने लिहिला. आफ्रिकन मुक्त. हयात राहिलेले ३५ जण १८४२ च्या सुरुवातीला सिएरा लिओनला पोचले.

आमच्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, खटला बाल्डविनने जिंकला. अ‍ॅडम्सने तो पहिल्या पानावर नेला.

मैत्रेयी_क

इतक्या लांबलचक लेखात बायकोचं नावही नाही! लुइझा कॅथरीन जॉन्सन. लंडनमध्ये जन्मलेली, वडील मेरीलँडचे व्यापारी.

१८०९ ला रशियाला निघताना या थोर पुरुषाने थोरली दोन मुलं अमेरिकेत ठेवायचं परस्पर ठरवून टाकलं. तिला विचारलं नाही. सहा वर्षं ती त्या मुलांना भेटली नाही. सेंट पीटर्सबर्गमध्ये मुलगी झाली, वर्षाची होऊन गेली. मग हा गेंटला तहाच्या वाटाघाटींना गेला आणि तिथून पत्र पाठवलं, घर आवरून पॅरिसला ये.

फेब्रुवारी १८१५, रशियातला हिवाळा. सात वर्षांचा चार्ल्स, हाताखालची माणसं, बर्फावर घसरणारी गाडी. नेपोलियनने नुकत्याच तुडवलेल्या मुलखातून ती चाळीस दिवस प्रवास करत गेली. फ्रान्समध्ये शिरते तर नेपोलियन एल्बा बेटावरच्या हद्दपारीतून निसटलेला, आणि त्याला मिळायला निघालेल्या सैनिकांनी रशियन बनावटीची गाडी बघून घेरलं. मारा यांना, म्हणून आरोळ्या. ही अस्खलित फ्रेंचमध्ये बोलली, पासपोर्ट दाखवले आणि खिडकीतून रुमाल हलवत "नेपोलियन झिंदाबाद" ओरडली. २३ मार्चला पॅरिस. तिने हे सगळं १८३६ साली लिहून ठेवलं. तहावर सही करणाऱ्यांपेक्षा मला तीच जास्त मुत्सद्दी वाटते.

शिळोप्या

मैत्रेयीताई, मान्य. यावर तुम्हीच स्वतंत्र धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो. नवरा आणि बाप म्हणून याच्याबद्दल चांगलं बोलायला फार कमी आहे. तीन मुलांपैकी दोघं तिशीच्या आसपास दारूने आणि निराशेने गेले. तिसरा चार्ल्स फ्रान्सिस, तुमच्या त्या गाडीतला पोरगा, तेवढा निभावला. यादवी युद्धाच्या काळात तो लंडनला अमेरिकेचा राजदूत होता, आणि बापाची डायरी संपादून त्यानेच छापली.

माळव्याचा मावळा

एक कोपरा राहिला. आपल्याशी थेट संबंध असलेला.

नोव्हेंबर १८४१ मध्ये, म्हणजे अमिस्टाड जिंकल्यावर काही महिन्यांत, याच अ‍ॅडम्सने बॉस्टनला ब्रिटन-चीनच्या अफूच्या युद्धावर व्याख्यान दिलं. बाजू कुणाची घेतली? ब्रिटनची! त्याचं म्हणणं, अफू हे निमित्त. बॉस्टनच्या बंदरात चहा फेकला म्हणून अमेरिकन क्रांती झाली असं जसं म्हणता येत नाही, तसंच हे. खरं कारण म्हणे चीनच्या दरबाराचा माज, परक्या राजदूतांना जमिनीला डोकं टेकवायला लावणं.

ती अफू कुठली होती? बंगालची आणि आमच्या माळव्याची. माळव्याचा माल मुंबईतून चीनला जायचा, मुंबईचे मोठमोठे शेठ त्यावर गब्बर झाले, जमशेटजी जीजीभॉयसुद्धा या व्यापारात होते. माणसाच्या गळ्यातला साखळदंड ज्याला दिसला त्याला अफूची पेटी दिसू नये?

गावकुसाबाहेर

हे भारी आहे. आता माझंही थोडं. १८७३ मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, काळ्यांना गुलामीतून सोडवल्याबद्दल. अ‍ॅडम्स तोवर जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. पण ज्या लढ्याला ती अर्पणपत्रिका आहे त्यातला हा एक शिपाई, अफूसकट.

शिळोप्या

मावळ्या, या व्याख्यानावर तेव्हा बॉस्टनमध्येही लोक भडकले होते. माझा अंदाज, हा माणूस आयुष्यभर राजदरबारांत वावरलेला. राष्ट्रांनी एकमेकांना बरोबरीने वागवावं हे त्याच्या डोक्यात इतकं पक्कं की त्यापुढे पेटीत काय आहे ते त्याने बघितलंच नाही. अंदाज, समर्थन नव्हे.

तात्या आडवे

चला, आरती संपली. आता क्रीक आदिवासींचंही लिहा. त्यांची जॉर्जियातली जमीन काढून घेणारा १८२५ चा इंडियन स्प्रिंग्जचा करार मूठभर लोकांना फितवून केलेला होता आणि याने त्यावर सही केली.

शिळोप्या

केली. फसवणूक उघडी पडल्यावर तो बाजूला सारून १८२६ ला नवा करारही केला. पण जॉर्जियाचा गव्हर्नर ट्रूप थेट हत्यारं उपसायची भाषा करू लागल्यावर याने माघार घेतली आणि क्रीक लोकांची जॉर्जियातली जमीन गेली ती गेलीच. १८४१ मध्ये सभागृहाच्या आदिवासी समितीचं अध्यक्षपद दिलं तर याने नाकारलं. डायरीत लिहिलं, हे या राष्ट्राचं घोर पाप आहे आणि देव एक दिवस त्याचा जाब विचारेल. नाकारण्यापेक्षा तिथे बसून भांडला असता तर, असं मलाही वाटतं.

चिंगी पाटणकर

इतकं गंभीर चाललंय, मी जरा हलकं विचारते. हे गृहस्थ पोटोमॅक नदीत नागवे पोहायचे आणि एका पत्रकार बाईने कपड्यांवर बसून मुलाखत घेतली, हे खरं का?

शिळोप्या

पोहणं खरं, बाईची गोष्ट दंतकथा. १३ जून १८२५ ला मात्र राष्ट्राध्यक्ष बुडता बुडता वाचले. नोकर अँटोइनबरोबर जुनाट होडीने नदी ओलांडायला निघाले, होडीत पाणी, वर वादळ. दोघांनी उड्या घेतल्या. अँटोइन उघडा होता, तो सहज पोचला. साहेबांच्या अंगात सैल सदरा. बाह्यांत पाणी भरून हात उचलेनात. कसेबसे काठाला लागले आणि अँटोइन गाडी आणेपर्यंत अर्धे कपडे घालून बसून राहिले. हे सगळं त्यांनीच तपशीलवार लिहून ठेवलंय.

रेड लाइनचा पासधारक

बॉस्टनकरांसाठी : मेट्रोच्या रेड लाइनने क्विन्सी सेंटरला उतरा, स्टेशनसमोरच ग्रॅनाइटचं चर्च आहे. तळघरात चौघांच्या दगडी पेट्या आहेत, दोन राष्ट्राध्यक्ष आणि दोघांच्या बायका. खोली इतकी लहान की चार पाहुणे एकदम उतरले तर अंग चोरून उभं राहावं लागतं. मी गेलो तेव्हा वर कुणीतरी ऑर्गनचा सराव करत होतं आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा चुकत होतं. तिथून पुढे त्यांचं जुनं घर आहे, बागेत दगडी ग्रंथालय. ते चार्ल्स फ्रान्सिसने नंतर बांधून घेतलं.

डायरी वाचायची असेल तर मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीने ती संकेतस्थळावर ठेवली आहे. तो रोजची एक-एक ओळीची वेगळी डायरीही ठेवायचा. २००९ मध्ये संस्थेने त्या ओळी दोनशे वर्षांनंतर त्याच तारखांना ट्विटरवर टाकायला सुरुवात केली होती, रशियाच्या समुद्रप्रवासापासून. वारा कुठला, अक्षांश किती, काय वाचलं.

गावकुसाबाहेर

शेवटचा प्रश्न. वॉशिंग्टनची स्मिथसोनियन ही संग्रहालयं आणि संशोधनाची संस्था त्याच्यामुळे झाली असं कुठेसं ऐकलंय.

शिळोप्या

एकट्यामुळे नाही, पण तो नसता तर पैसे बुडाले असते. जेम्स स्मिथसन हा इंग्रज शास्त्रज्ञ अमेरिकेत कधी पाऊल न टाकता आपली सगळी इस्टेट ज्ञानप्रसारासाठी अमेरिकेला देऊन गेला. १८३८ मध्ये सोन्याच्या नाण्यांत पाच लाख डॉलरच्या वर रक्कम आली. सरकारने ती उचलून बहुतांशी आर्कान्सा राज्याच्या रोख्यांत घातली आणि आर्कान्साने व्याज देणं थांबवलं. पैसे गेले तर गेले, असा एकूण सूर. अ‍ॅडम्स समितीचा अध्यक्ष होता. तो दरवर्षी उठून एकच धोशा लावायचा, की मुद्दल व्याजासकट केंद्राच्या खजिन्यातून भरून द्या, आर्कान्साशी तुमचं तुम्ही बघा. १८४६ च्या कायद्यात ते मान्य झालं. त्याला स्वतःला त्या पैशातून वेधशाळा हवी होती, ती काही मिळाली नाही. त्याआधी १८४३ मध्ये सिनसिनाटीला लोकवर्गणीतून वेधशाळा उभी राहत होती, तिच्या कोनशिलेसाठी शहात्तराव्या वर्षी, नोव्हेंबरच्या थंडीत, आगगाडी, बोट आणि घोडागाडी बदलत हा तिथवर गेला होता. खोकला घेऊन परत आला.